सालूबाई आणि सटवाईचा विळा

नुकत्याच जन्मलेल्या पोराला ‘अहो’ म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. पोर बाहेर आलं, रडलं, की सालूबाई त्याला दोन्ही हातांवर तोलून म्हणायची, “या सरकार, लई वाट बघाय लावली तुमी.” मुलगी असली तर “या बाईसाहेब.” मुलगी झाली म्हणून ज्या घरात तोंडं वाकडी व्हायची, तिथं हे ‘बाईसाहेब’ ती ओसरीवरच्या बाप्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

तिचं खरं नाव सालोमी. जन्म मांगवाड्यातला. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा ती जालन्याच्या मिशनात वाढली आणि तिथल्याच दवाखान्यात बाळंतपणं शिकली. निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मिशननं तिला वडीगोद्री गावात एक खोली दिली होती आणि आजूबाजूची झाडून सगळी गावं तिच्या एकटीच्या पायांवर सोडली होती. जालन्याचा दवाखाना आमच्यापासून बैलगाडीनं दीड दिवसाच्या वाटेवर, तोही कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात काळी जमीन गाडीचं चाक धरून ठेवते. सालूबाई त्या चिखलातून वहाणा काखेत मारून, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन यायची.

मी स्वतः जालन्याची, चौथीपर्यंत शाळेत गेलेली. लग्न होऊन वडीगोद्रीपासून दोन कोसांवरच्या एका गावात आले. घर गावच्या पाटलांचं, शेतीवाडीचं, खाऊनपिऊन सुखी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या शब्दाबाहेर आमचं घर नव्हतं आणि खरं सांगायचं तर गावही नव्हतं. कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, कसं करायचं ते आत्याबाईंना विचारायचं. थोरल्या जाऊबाई गयाबाई. स्वभावानं इतक्या गरीब की मांजरालाही हाकलायच्या नाहीत. मी त्या घरात आले तेव्हा त्यांची दोन मुलं गेलेली होती. तिसरं माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

चांगलं गुटगुटीत पोर. सहा दिवस दूध प्यायलं. सातव्या दिवशी ओढेना. जबडा मिटला, मग अंग ताठ होऊन पाठ वाकायला लागली आणि आठव्या दिवशी सगळं संपलं. पहिल्या दोघांचंही असंच झालं होतं. आमच्याकडे घरटी एखादं तरी पोर असं गेलेलं असायचं. बायका एवढंच म्हणायच्या, “दूध सोडलं.” पाचवीच्या रात्री सटवाई येऊन पोराच्या कपाळावर लिहून जाते, तिनंच तेवढे दिवस लिहिले होते, असं सगळ्यांनी गयाबाईंना समजावलं. मीही समजावलं.

त्यानंतरच्या वर्षी सालूबाई आमच्या भागात आली.

तिची रीत अशी. घरात शिरायची ती बगलेत स्वतःचं गोणपाट घेऊन. ते अंथरायचं आणि त्यावर बसायचं, म्हणजे हिला बसायला काय द्यावं हा प्रश्न कुणाला पडायला नको. पाणीही स्वतःच्या लोटीतलं. मग पेटीतून छोटी कात्री काढायची आणि खोलीत जितक्या बायका असतील तितक्यांची नखं कापायची. हळदीकुंकवाला बसल्यासारख्या बायका ओळीनं हात पुढं करायच्या. आत्याबाईंनी पहिल्यांदा नकार दिला, तेव्हा ही म्हणाली, “मंग तुमी ओसरीवर बसा. नखं तुमची लई छान हायती, पर आत यायची न्हाईत.” आत्याबाईंना असं बोललेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मी पदरात तोंड लपवून हसले. आत्याबाईंनी हात पुढं केला.

बाळंतिणीला विटाळ असतो तोवर सालूबाई घरात चालायची. तो फिटला की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. जिच्या हातांनी पोर जगात आलं, तिनं बारशाला अंगणात उभं राहून घुगऱ्या पदरात घ्यायच्या. हे मला तेव्हा खटकलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मीसुद्धा तिच्या लोटीत पाणी वरूनच ओतलं आहे.

तिचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते एका पोळ्याला. शेजारच्या गावातली एक बाई दोन दिवस अडलेली. पोर आडवं आलेलं. सालूबाईनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, “हे माझ्या हातचं न्हाई. जालन्याला न्यावं लागंल. गाडी जुंपा, जल्दी.” गाडी होती, बैल होते, पण दिवस पोळ्याचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे गोहत्येइतकं पाप. नवरा रडकुंडीला आलेला, पण बैल सोडेना. बापे माना खाली घालून उभे. सालूबाईनं कुणाशी हुज्जत घातली नाही. रंगवलेल्या शिंगांच्या बैलांना हात जोडले आणि म्हणाली, “बराबर हाय. आज बैलांची सुट्टी. बाप्यांची कुठं हाय?” आणि स्वतः जाऊन गाडीचं जू उचललं.

एक बाई, तीही कोण, गाडी ओढायला निघालेली पाहून बाप्यांना लाज वाटली की भीती वाटली कोण जाणे. आधी नवरा पुढं झाला, मग त्याचे भाऊ, मग गावच. चिखलातून दिवस मावळेपर्यंत माणसांनी ती गाडी ओढली. दिवस मावळल्यावर वाटेतल्या गावात बैल जुंपले. सालूबाई गाडीमागं चालत होती आणि दर थोड्या वेळानं आत हात घालून बाईची नाडी बघत होती. जालन्याला मायलेकरं दोन्ही वाचली. पुढं कैक वर्षं त्या गावच्या बाप्यांना लोक चिडवायचे, “काय पाटील, यंदा पोळ्याला शिंगं रंगवली का?”

पण अडलेली बाई एखादी. दूध सोडणारी पोरं घरोघर. सालूबाईला खरी भीती त्याची होती. सगळीकडे ती पोचायची नाही. बहुतेक बाळंतपणं घरातल्या बायकाच उरकायच्या. वैरण कापायचा विळा लुगड्याला पुसायचा, त्यानं नाळ कापायची आणि वर शेणाच्या गोवरीची राख दाबायची. सालूबाईनं आधी सरळ सांगून पाहिलं. विळ्यावर, शेणात, बारीक जंतू असतात, ते नाळेतून पोराच्या अंगात जातात, विळा उकळा, राख लावू नका. बायकांनी विचारलं, “दिसत्यात का?” ती म्हणाली, “दिसत न्हाईत.” त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “दिसत न्हाई ते आमच्याकडं निस्ता देव. तुझे जंतू राहू दे तुझ्या मिशनात.” सगळ्या खो खो हसल्या.

तेव्हा सालूबाईनं ती गोष्ट रचली. आमच्याकडे पाचवीला सटवाईची पूजा मांडतात, त्यात नाळ कापलेला विळाही पूजतात. सालूबाई बायकांना सांगू लागली, “सटवाई लिहाय बसती ती ह्याच विळ्याला टेकून. वैरणीचा उष्टा विळा तिला चालंल का? तिच्या विळ्याला उकळत्या पाण्यानं आंघोळ घातली पायजे. अन् नाळेवर राख टाकली तर ती उडून तिच्या डोळ्यात जाती, मंग कपाळावर लिहंल कशी?” हे मात्र बायकांना बिलकुल पटलं. कुणालाही न दिसणारा जंतू जे करू शकला नाही, ते कुणालाही न दिसणाऱ्या सटवाईनं एका उन्हाळ्यात केलं. मी एकदा तिला एकटीला गाठून विचारलं, “सालूबाई, तुम्ही येशूच्या, आणि सटवाईच्या नावानं सांगता?” ती म्हणाली, “त्याला सांगितलंय मी. रागावलेला न्हाई वाटला.”

विळ्याची आंघोळ आत्याबाईंनी तर डोक्यावरच घेतली. देवीचं काम म्हटल्यावर ते दुसऱ्या कुणी सांगितलेलं त्यांना कसं चालेल? त्या घरोघर जाऊन शिकवू लागल्या. आणि खरंच, दूध सोडल्याची बातमी ऐकू येईनाशी झाली. गयाबाईंना पुन्हा दिवस गेले होते. त्या पहिल्यांदाच मला म्हणाल्या, “धाकटे, ह्या खेपेला वाटून राह्यलं मला, ऱ्हाईल.”

मग कुंभाराच्या वस्तीवर चंद्रभागेचं पोर आठव्या दिवशी गेलं.

चंद्रभागा तरणी पोर, पहिलटकरीण. बाळंतपण घरच्याच बायकांनी केलेलं. सालूबाई दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेली. जाताना मला बरोबर घेतलं, कारण मी आत्याबाईंची सून, बायका माझ्यासमोर बोलतील. ती रागावली नाही की रडली नाही. चंद्रभागेसमोर गोणपाट टाकून बसली आणि म्हणाली, “मला सगळं सांग. पहिल्यापासून. काय काय केलंत ते.” चंद्रभागेनं सांगितलं, “तुमी सांगितल्यावाणीच केलं. विळा उकळला. मंग पाटावर ठिवला, गोमूत्र शिंपडलं, शेणानं सारवलेल्या जागी हळदकुकू वाहिलं, अन् त्या हळदकुकवाच्या विळ्यानंच नाळ कापली. देवीचं हत्यार पूजेबिगर कसं लावायचं?”

सालूबाईचा चेहरा पांढरा पडला. पोर पोटातून येताना थांबलं तरी हिचा चेहरा कधी बदललेला मी पाहिला नव्हता. तिनं हळूच विचारलं, “पूजा कराय कुणी सांगितलं?” चंद्रभागेनं माझ्याकडे पाहिलं. “ह्यांच्या आत्याबाईंनी.” मी काही बोलणार तोच सालूबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. परत येताना अर्ध्या वाटेवर ती थांबली. मग म्हणाली, “मी त्या विळ्याला देव केलं. देव केल्यावर लोक पूजा करनारच. ह्याच्यात तुमच्या आत्याबाईंचं नाव कुठं काढू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पाण्याला आल्या तेव्हा सालूबाई विहिरीपासून लांब, तिला उभं राहायची मुभा होती तिथं, येऊन उभी राहिली. आत्याबाईही होत्या. ती मोठ्यानं म्हणाली, “बायांनो, सटवाईचं मी खोटं सांगितलं. ती विळ्याला टेकती असं काही न्हाई. तुमी ऐकत नव्हता म्हणून मी रचलं. त्यापायी चंद्रभागेचं पोर गेलं. चूक माझी हाय, एकटीची. आता खरं सांगते. विळा उकळा, अन् उकळल्यावर त्याला काही म्हंजे काही लावू नका.”

मला अजून कळत नाही, एवढं धाडस तिनं कुठून आणलं. गप्प राहिली असती तर कुणाला काहीच कळलं नसतं. सगळा मान, सगळा विश्वास तिनं आपल्या हातानं त्या विहिरीवर टाकून दिला. कुणी तिच्या दिशेनं थुंकलं, कुणी दगड उचलला. आत्याबाई म्हणाल्या, “आमच्या देवीच्या नावानं खोटं बोललीस? आजपासून माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई.” गयाबाईंना तेव्हा आठवा संपत आला होता. त्या घरी येऊन कोपऱ्यात बसल्या आणि पोटावर हात ठेवून रडल्या. “ती नसली तर माझं हेबी जाईल,” एवढंच पुन्हा पुन्हा. पण सासूपुढं बोलायची हिंमत त्यांच्यात नव्हती. माझ्यातही नव्हती.

गयाबाईंना कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी. मी पाणी आणायला बाहेर आले तर सालूबाई अंगणाच्या कडेला उन्हात बसलेली. कुणी बोलावलं नव्हतं. दिवस मोजून आली होती आणि तीन दिवस रोज येऊन लांबून बघून जात होती, हे मला मागाहून कळलं. आत्याबाई दारात आल्या. “तुला सांगितलं होतं ना?”

“मी आत येत न्हाई,” सालूबाई म्हणाली. “तुमीच करा सगळं, तुमच्या हातांनी. मी हितून निस्तं सांगते. न्हाई पटलं तर ऐकू नका.”

आतून गयाबाई ओरडल्या. आत्याबाई आत गेल्या. दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही.

मग दुपारपर्यंत ते चाललं. बाहेरून सालूबाई, आतून आत्याबाई, मध्ये ते दार. “हात धुतले का? कोपरापोत्तर धुवा. विळा अन् दोरा दोन्ही उकळू द्या. जोर कराय लावू नका, तिला श्वास घेऊ द्या. डोकं दिसतंय का? मंग भिऊ नका आत्याबाई, आता सगळं तीच करती.” पोर आलं, रडलं. मुलगा होता. बाहेर सालूबाईनं डोळे मिटले, पण बोलणं थांबवलं नाही. “दोऱ्यानं दोन जागी बांधा, करकचून. आता मधी कापा.”

आत्याबाईंचा आवाज आला, “हळद लावू का निस्ती?”

“न्हाई.”

“राख?”

“न्हाई. पूजा पाचवीला करा, थाटात करा. आज काहीच न्हाई.”

“उघडीच ठिवू?”

“उघडीच ठेवा.”

आत मी आत्याबाईंजवळ उभी होते. अनेक बाळंतपणं केलेल्या त्या बाईनं विळा नाळेवर टेकवला आणि पुन्हा उचलला. जन्मभर ज्यावर विश्वास ठेवला ते सोडून, जिला दारातून हाकललं तिचं ऐकायचं होतं. त्यांनी कापलं आणि हात मागं घेतला. राखेची वाटी त्यांनी स्वतःच पायानं लांब सरकवली.

पुढचे आठ दिवस सालूबाई रोज यायची, अंगणात बसायची आणि एकच विचारायची, “पितंय का?” मी आतून सांगायची, “पितंय.” ती उठून जायची. सहाव्या दिवसापासून घरात कुणी मोठ्यानं बोलेना. सातव्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. आठव्या दिवशी सालूबाई सकाळी आली ती गेलीच नाही. पोर दर थोड्या वेळानं प्यायचं आणि दर वेळी घरातलं प्रत्येक माणूस श्वास धरून त्याच्या जबड्याकडे बघायचं. दिवस कलला तेव्हा गयाबाई, ज्यांचा आवाज कधी ओसरीपर्यंत पोचला नव्हता, आतून ओरडल्या, “सालूबाई, पिऊन राह्यला बगा! दात असते तर चावला असता!” मला रडू आवरेना.

आत्याबाई बाहेर गेल्या आणि तिच्यासमोर मातीतच बसल्या. “कुंभारणीला पूजेचं मी सांगितलं होतं. तुला ठाव होतं?”

“ठाव होतं.”

“मंग विहिरीवर माझं नाव का न्हाई घेतलं?”

“तुमी माझ्याच गोष्टीवर सांगितलं,” सालूबाई म्हणाली. “अन् तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी गयाबाईच्या वेळेला माझं ऐकलं नसतं.”

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “उद्या तिच्याकडं जाऊ. मी येते.”

गेलो आम्ही तिघी. आत्याबाईंनी चंद्रभागेसमोर सगळं कबूल केलं. पाटलांच्या घरातल्या बाईनं कुंभारणीपुढं हात जोडलेले त्या वस्तीनं पाहिले. पण चंद्रभागेनं काही ते हात धरले नाहीत. “आता सांगून काय करू मी?” म्हणाली आणि आमच्याकडे पाठ फिरवून मडकी उन्हात मांडायला लागली. बरोबरच होतं तिचं. परत येताना आत्याबाईंनी विचारलं, “पुढल्या खेपेला ती तुला बोलवंल का गं?” सालूबाई म्हणाली, “न्हाई बोलवायची.”

दीडेक वर्षानं माझ्या नवऱ्याला जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं आणि आम्ही गाव सोडलं. गयाबाईंचा पोरगा तोवर धावायला लागला होता, गाडीमागं वेशीपर्यंत आला. सालूबाईचा निरोप घ्यावा म्हणून गाडी वडीगोद्रीला थांबवली तर खोलीला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, चंद्रभागेला पुन्हा कळा लागल्यात, बोलावणं नसताना कालपासून कुंभाराच्या वस्तीवर आहे. मी गाडी तिकडं वळवायला लावली.

सकाळची वेळ होती. चंद्रभागेच्या घराचं दार बंद आणि सालूबाई बाहेर, भिंतीला टेकून बसलेली. रात्रभर तिथंच असावी, केसांवर दव होतं. चंद्रभागेचं ते पोर जगलं, पुढं बापाशेजारी चाकावर बसलं, पण हे मला फार नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच दिसलं की दार बंद आहे. मी गाडीतून हाक मारली. सालूबाईनं माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प केलं. ती आतला आवाज ऐकत होती.

बंद दाराच्या आतून चंद्रभागेच्या सासूनं विचारलं, “सालूबाई, हायेस ना गं बाहेर? मंग आता काय करू?”

ती दाराकडे सरकली आणि लाकडाला तोंड लावून म्हणाली, “हाय मी. आधी हात धुवा. सावकाश.”